नावानं मागितलेला आकडा

मुनव्वर मोमीनबद्दल लिहायचं तर त्याच्या आईच्या छातीबद्दल लिहावं लागतं, आणि ते लिहायचं तर माझ्याबद्दलही. म्हणून वर्षभर टाळलं. कोल्हापुरात सव्वीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं. पोरांच्या पेपरातल्या चुकांभोवती लाल गोल काढताना मला कधी दयामाया आली नाही. सगळं कॉलेज मला पाठीमागं ‘तिखट सरोजिनी’ म्हणायचं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आता स्वतःच्या चुकीभोवती गोल काढायची वेळ आली आहे, तर तोही तसाच काढते.

मुनव्वर माझ्या वर्गात आला तोच भांडत. मी हजेरी नंबरानं घ्यायचे. एकशे वीस पोरांची नावं घेत बसलं तर निम्मा तास त्यातच जायचा. एक दिवस मी ‘सेहेचाळीस’ म्हटलं, तर उत्तर नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा मागच्या बाकावरचा एक काटकुळा मुलगा उभा राहिला.

“तू सेहेचाळीस ना?”

“न्हाय मॅडम. मी मुनव्वर हाय.”

वर्ग खो खो हसला. मी त्याला बाहेर काढलं. तास संपला तर हा स्टाफरूमच्या दारात उभा. मला वाटलं, माफी मागायला आलाय. माफी कसली! तो मला समजावून सांगायला आला होता.

“माझे अब्बा कबनूरला अठ्ठावीस नंबरच्या मागावर हुते, मॅडम. बावीस वरसं. शेडमध्ये सगळी त्यांला अठ्ठावीसच म्हनायची. छातीनं गेले. मयताच्या दिवशी मुकादम आला आन् दारात मलाच विचारलं, अठ्ठावीसचं घर ह्येच न्हवं? मला नंबरानं बोलवू नगा.”

त्या दिवसापासून मी सगळ्यांची हजेरी नावानं घ्यायला लागले, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल. पण तसलं काही झालं नाही. एवढं मात्र केलं की पंचेचाळीस, मुनव्वर, सत्तेचाळीस असं म्हणायला लागले. पोरं हसायची, तो मात्र गंभीरपणे ‘हजर’ म्हणायचा.

पुढं तो एम.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. नोकरी कुठं धड लागली नाही. दोन-तीन शिकवण्यांच्या क्लासात राबला, मालकांशी भांडून बाहेर पडला. मी निवृत्त झाले त्याच वर्षी एका ट्रस्टनं माझ्याकडं एक काम दिलं. कबनूरच्या मागांच्या शेडमध्ये कांडी भरणाऱ्या बायकांच्या छातीची पाहणी. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची लहान गुंडाळी. बायका दिवसभर मशीनसमोर बसून ती भरतात. सुताचा भुसा हवेत तरंगत असतो आणि तो कुठं जातो हे सांगायला डॉक्टर नको. दोनशे बारा बायका, सहा-सहा महिन्यांनी तीन भेटी. दर भेटीला एका नळीत जोर लावून फुंकायचं. निरोगी छातीला शंभर धरलं तर हिची छाती किती, असा एक आकडा निघतो. तिसऱ्या भेटीचा आकडा साठच्या खाली गेला तर त्या बाईला तातडीचं पत्र जायचं: काम आजच बंद करा, दवाखान्यात या, औषधपाण्याचं आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचं ट्रस्ट बघेल. बाकीच्यांना साधं पत्र: तुमची छाती ठीक आहे.

हिशेब करायला माणूस हवा होता. मी मुनव्वरला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात हजर झाला. आल्या आल्या त्यानं सांगितलं, “मॅडम, या दोनशे बारात एक माझी अम्मा हाय.”

त्याची आई सुगरा. नवरा गेल्यावर तिनं कांडी धरली आणि त्यावरच ह्याला एम.एस्सी. केलं. चार वर्षांपासून तिला खोकला. जिना चढली की पायरीवर बसायची. तो तिला दवाखान्यात चल म्हणायचा तर ती उडवून लावायची. डॉक्टर काय, कांडी सोड म्हणणार, आणि कांडी सोडून घरात बसायला मी काय नवाबाची बेगम हाय काय, असं तिचं म्हणणं. शेवटी आई-लेकरात एक तह झाला. ती म्हणाली, “तुझी ती हिशेबाची मशीन हाय न्हवं, जिच्यासाठी मी तुला शिकवला. ती म्हनू दे. ती म्हनली तर दुसऱ्या दिवशी कांडी सोडते. डॉक्टरचं मी ऐकनार न्हाय.”

म्हणजे आमच्या पाहणीत तिच्या नावापुढं काय आकडा येतो, यावर सगळं होतं. तिनं कांडी सोडायची की नाही, हे त्या एका आकड्यावर ठरणार होतं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

काम सुरू झालं आणि आमचं पहिलं भांडण झालं. आकडे ठेवायचे ते मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकड्यांचा एक मोठा चौकोन. आडवी ओळ एका बाईची, उभा रकाना एका भेटीचा. त्यातला आकडा दोन तऱ्हांनी मागता येतो. एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीतला तिसरा आकडा दे, असं क्रमांकानं. नाहीतर ओळींना आणि रकान्यांना नावं देऊन, अमक्या बाईचा तिसऱ्या भेटीचा आकडा दे, असं नावानं. प्रत्येक फॉर्मवर क्रमांक छापलेला होता. मी म्हटलं, तोच वापर. तो ऐकेना.

“नंबरानं मागितलं आन् उद्या कुनी ओळी खालवर केल्या, तर दुसऱ्याच बाईचा आकडा यील. मशीन चकार शब्द काढनार न्हाय. नावानं मागितलं तर ओळ कुठंबी जाऊ दे, तीच बाई यील. नाव नसलं तर मशीन तिथंच थांबंल, म्हनंल, असं कोन न्हाय इथं.”

आता यात खोट काढायची तर कुठं काढायची? पुस्तकंही हेच सांगतात. मी स्वतः वर्गात हेच सांगायचे. त्याचं मूळ कारण अठ्ठावीस नंबरच्या मागाशी होतं हे मला कळत होतं, पण वरचं कारणही खरंच होतं. मी हो म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यानं विचारलं, “डेटा फ्रेम करू की साधं मॅट्रिक्स?” मी फोनवर दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. हातानंच खूण केली आणि म्हटलं, “सगळे आकडेच आहेत की. मॅट्रिक्स कर. डेटा फ्रेमचं लोढणं कशाला गळ्यात?”

डेटा फ्रेम हाही तसलाच चौकोन, पण जरा खडूस. दोन ओळींना एकच नाव द्यायला गेलं तर तो घेत नाही, तिथंच अडून बसतो. मॅट्रिक्स गरीब. त्याला दोन काय, दहा ओळींना एकच नाव द्या, तो मुकाट्यानं घेतो. मग त्या नावानं आकडा मागितला की वरून खाली बघत जातो आणि पहिली जी ओळ भेटेल तिचा आकडा हातावर ठेवतो. खाली त्याच नावाची आणखी कुणी आहे हे तो सांगत नाही. हे मी जाणत होते. मुनव्वरला मी ते कधी शिकवलं नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं, आणि अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवायला मला कधी वेळ नव्हता.

नावं फॉर्मवर भरून घ्यायचं काम अदिती नावाची एक विद्यार्थिनी करायची. कबनूरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबल मांडलं होतं. ज्याच्या घरचं माणूस पाहणीत आहे त्यानं त्या दिवशी तिथं यायचं नाही, असा नियम मीच केला होता, म्हणून मुनव्वर कोल्हापुरात ऑफिसात बसला होता. बायकांची रांग गेटाबाहेर गेली होती. शेडवरनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आलेल्या बायका, केसांत अजून सुताचे पांढरे तुरे. सुगराबी रांगेत आली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं. मुनव्वरचंच नाक, मुनव्वरचंच ताठ बघणं.

“नाव?” अदितीनं विचारलं.

“सुगरा.”

“नवऱ्याचं नाव?”

सुगराबीनं पदर तोंडाला लावला. “या अल्ला! त्यांचं नाव कसं घिऊ?”

मागच्या बायका खिदळल्या. अदिती शहरातली मुलगी, तिला गंमत वाटली. म्हणाली, “अहो मावशी, उखाण्यात घ्या.” सुगराबी नुसतीच मान हलवत राहिली. नवरा मरून बारा वर्षं झालेली. जिवंतपणी त्याला नावानं हाक मारली नाही, मेल्यावर कशी मारणार? तिच्या आधीच्या कितीतरी बायकांनी हेच केलं होतं. हिंदू, मुसलमान, जैन, पन्नाशीच्या वरची एकही बाई नवऱ्याचं नाव तोंडावर आणायला तयार नव्हती. दर वेळी अदितीनं शेजारणीला विचारावं, शेजारणीनं लाजावं, मग तिसरीनं हळूच सांगावं, यात तास गेला होता. ऊन वर आलं होतं. माझं डोकं तापलं.

“राहू दे गं,” मी ओरडले. “कोरं सोड. नाव आणि आडनाव पुरे. पुढची!”

अदितीनं ती जागा कोरी सोडली. पुढं तिनं कुणालाच दाबून विचारलं नाही. दोनशे बारा फॉर्मांपैकी बासष्टांवर मधलं नाव नव्हतं. फॉर्मवर उरलं ते एवढंच: सुगरा मोमीन. कबनूरसारख्या विणकरांच्या गावात मोमीन किती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तीन भेटी झाल्या. तिसरी जानेवारीत संपली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुनव्वर पत्रं काढायला बसला. त्याच्या मॅट्रिक्सचं नाव त्यानं नुसतं ‘म’ ठेवलं होतं. पत्रं काढण्याआधी तो माझ्याकडं वळला. हात पँटला पुसले.

“मॅडम, आधी अम्माचा बघू?”

“बघ की. मला काय विचारतोस?”

त्यानं टाइप केलं, एकेक अक्षर जपून:

म["सुगरा मोमीन", "तिसरी"]

खाली आकडा आला. सत्त्याऐंशी.

तो खुर्चीतनं उठलाच. मग पुन्हा बसला, पहिल्या भेटीचा मागितला. अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या भेटीचा. शहाऐंशी. “मॅडम, अम्माची छाती माझ्यापेक्षा चांगली हाय की!” तो म्हणाला, आणि खाली जाऊन पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले. एवढं खोकणाऱ्या बाईचा आकडा सत्त्याऐंशी कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. बाहेरच्या कुणाचा असता तर पडलाही असता. पण त्याचा चेहरा असा उजळला होता की माझ्यातल्या तिखट सरोजिनीनं त्या दिवशी तोंडात पेढा धरला आणि गप्प बसली.

पत्रं छापली. दोनशे बारा ओळींना दोनशे बारा पत्रं. त्यात सुगरा मोमीन या नावाची दोन होती, दोन्हीत सत्त्याऐंशी, दोन्हीत ‘छाती ठीक आहे’. वरचं त्यानं उचललं आणि खिशात घातलं. दुसरं गठ्ठ्यात राहिलं. तो गठ्ठा मी स्वतः दोऱ्यानं बांधला आणि अदितीच्या हाती कबनूरला धाडला.

सुगराबीनं ते पत्र देवळीत, कुराणाशेजारी ठेवलं, असं मुनव्वरनं मला सांगितलं. त्यानंतर कांडी सोडायची गोष्ट निघाली नाही. उलट ती शेडवर सांगायची, माझ्या पोराच्या मशीननं बघितलंय, मला काय सुदीक झालेलं न्हाय. खोकला वाढला की म्हणायची, हवा बदललीय. उन्हाळ्यात उन्हाचा, पावसाळ्यात ओलीचा, दर मोसमाला एकेक कारण तिच्याकडं तयार असायचं. मुनव्वरही तेच म्हणायला लागला. एकदा डबा खाताना म्हणाला, “अम्मा रातभर बसून असते, मॅडम. पर आकडा तर चांगला हाय.” मी म्हटलं, “पित्त असेल.” संख्याशास्त्राची बाई मी, आणि मला पित्त सुचलं.

नोव्हेंबरात ती शेडमध्ये मशीनवरच कोसळली. मुनव्वरनं तिला कोल्हापूरला आणलं, छातीच्या डॉक्टरांकडं. त्यांनी तीच नळी तोंडात दिली. ती फुंकूच शकेना. चौथ्या वेळी कसाबसा आकडा निघाला: एकतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसात आला. एका हातात डॉक्टरांचा कागद, दुसऱ्या हातात आमचं पत्र, देवळीतनं काढलेलं, कडेला तेलाचा डाग पडलेलं. दोन्ही त्यानं माझ्यापुढं ठेवले.

“सत्त्याऐंशीचं एकतीस नऊ महिन्यांत हुतंय काय, मॅडम?”

“नाही,” मी म्हटलं. तेवढं एक मला खात्रीनं सांगता आलं.

त्यानं संगणक लावला. नाव टाइप केलं. सत्त्याऐंशी. पुन्हा टाइप केलं. सत्त्याऐंशी. तिसऱ्यांदा करायला गेला तेव्हा मी त्याचा हात धरला. शाळेचा व्हरांडा, तापलेलं ऊन, पदर तोंडाला लावलेली ती बाई, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

“हे नाव किती ओळींना आहे ते विचार,” मी म्हटलं.

त्यानं विचारलं. उत्तर आलं, दोन. कुठल्या, तर एक्केचाळीस आणि एकशे सत्त्याऐंशी. मग आयुष्यात पहिल्यांदा मुनव्वरनं एका बाईला नंबरानं मागितलं. एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत तीन आकडे होते: चौसष्ट, पंचावन्न, चव्वेचाळीस.

त्यानं पडद्यावरच्या त्या तिन्ही आकड्यांवरनं बोट फिरवलं. मग म्हणाला, “मशीन काय बोललं कसं न्हाय?”

मी त्याला सांगितलं. मॅट्रिक्स पहिली ओळ देतो आणि थांबतो. डेटा फ्रेम असता तर नावं देतानाच अडला असता.

“तुम्हाला म्हाईत हुतं?”

“होतं. आठवलं नाही.”

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फॉर्मांची फाइल काढली आणि एक्केचाळीस नंबरचा पत्ता बघितला. त्याच्याच मागची गल्ली.

“ही तर बांगडीवाली,” तो म्हणाला. “हिच्या घरी मी ल्हानपनापासनं जातोय. आदी बांगड्या इकायची, म्हनून सगळी बांगडीवालीच म्हनत्यात तिला. तिचं नाव सुगरा हाय ह्ये मला आज कळतंय.” आणि मग तो रडला. नावासाठी सगळ्या जगाशी भांडणारा माणूस, शेजारणीचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. हे त्यालाही त्याच क्षणी कळलं असणार, मी बोलून दाखवलं नाही.

त्या दुपारी आम्ही सगळी यादी तपासली. नऊ नावं दोन-दोनदा होती. त्यांतल्या आणखी दोन बायकांना खोटं ‘ठीक आहे’ गेलं होतं. संध्याकाळच्या आत कबनूर गाठलं आणि दोघींच्या दारात उभे राहिलो. एकीला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं, ती आज बरी आहे. दुसरी तोवर आजऱ्याला लेकीकडं गेली होती. लेकीनं फोनवर सांगितलं, आई दिवाळीतच गेली. मुनव्वरनं फोन ठेवला आणि वहीत तिचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, लेकीला विचारून घेतलेलं.

ट्रस्टला मी सगळं लिहून कळवलं. त्यांच्या अहवालात ते ‘किरकोळ तांत्रिक त्रुटी’ म्हणून छापून आलं. मी अहवालावर सही केली नाही. त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

सुगराबीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, फेब्रुवारीत काम थांबलं असतं तर? ते म्हणाले, “चव्वेचाळीसवर माणसं दहा-पंधरा वर्षं काढतात, बाई. घरात बसून, औषध घेऊन. हे नऊ महिने नडले.” हे मला मुनव्वरला सांगायचं नव्हतं. पण तो माझ्या मागंच उभा होता.

आईला त्यानं स्वतःच सांगितलं. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. जायची हिंमत नव्हती आणि थांबायचीही. नाकाला नळी, पाठीमागं तीन उशा, अशी ती बसून होती. आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. त्यानं काही झाकलं नाही. मशीन कसं चुकलं, दोन सुगरा कशा झाल्या, मधलं नाव कसं नव्हतं, सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“म्हंजी तो आकडा बांगडीवालीचा,” ती म्हणाली.

“व्हय.”

“तू म्हनलास ठीक हाय, म्हनून मी बसले मशीनवर.” तिला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. “मला आतनं कळत हुतं रं. छाती माझी, मला कळंना व्हय? पर म्हनलं, पोरगा शिकलाय. माझ्यापरीस त्याला जास्त कळतंय.”

मुनव्वर तिच्या पायाशी डोकं टेकून बसला. मला वाटलं, आता ती त्याला जवळ घेईल, म्हणेल जाऊ दे बाळा. आपल्याला असंच ऐकायची सवय असते. तिनं तसं काही केलं नाही. ती चिडलेली होती, आणि का नसावी? तिनं माझ्याकडं बघितलं.

“मास्तरीनबाई, तुमीच वरडलासा न्हवं त्या पोरीवर? कोरं सोड म्हनून?”

“हो,” मी म्हटलं. “मीच.”

“जरा दाबून इचारायचं हुतं की. सांगितलं असतं शेजारनीनं.” तिनं तोंड भिंतीकडं वळवलं. आणि एकाएकी म्हणाली, “दस्तगीर.”

मुनव्वरनं मान वर केली.

“दस्तगीर,” ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं, शेजारच्या कॉटवरच्या बाया वळून बघतील एवढ्या मोठ्यानं. “तुझ्या बापाचं नाव. अठ्ठावीस न्हवं. लिव तुझ्या मशीनीत. सुगरा दस्तगीर मोमीन. पुन्यांदा माझ्या जागी दुसरी कुनी नगं.”

बत्तीस वर्षांत तिनं हे नाव पहिल्यांदा घेतलं होतं. तिचा चेहरा लाजेनं लाल झालेला मी बघितला. तेवढ्या दोन वाक्यांनी तिला धाप लागली आणि नर्सनं आम्हा दोघांना बाहेर काढलं. सात दिवसांनी, सकाळी, चहा मागून घेतला आणि तो यायच्या आत ती गेली. कबनूरच्या कब्रस्तानात तिला तिच्या नवऱ्याशेजारी जागा मिळाली. मी गेले होते. बाई म्हणून आत जाता आलं नाही, तर फाटकाबाहेर बांगडीवालीजवळ उभी राहिले. ती सारखी म्हणत होती, “माझंच पत्र दिलं व्हय वो तिला?” काय सांगणार तिला?

मला वाटलं होतं, मुनव्वर परत यायचा नाही. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली आणि चौथ्या दिवशी तो ऑफिसात आला. दाढी वाढलेली. माझ्याकडं न बघता त्यानं ती बासष्ट फॉर्मांची फाइल उचलली आणि निघाला. पुढचे बारा दिवस तो कबनूरच्या गल्ल्यांतनं हिंडला. दारात उभं राहायचं, बाईचं नाव विचारायचं, मग तिच्या लेकाला, नातवाला, शेजाऱ्याला तिच्या नवऱ्याचं नाव विचारायचं, आणि कोरी जागा भरायची. एकसष्ट नावं भरून आणली. मी म्हटलं, मी येते बरोबर. तो म्हणाला, “नगं मॅडम. तुमी चिडता.” त्यात राग नव्हता, नुसतं खरं होतं.

शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्या ओळींना नवी नावं दिली. एकही नाव दोनदा नाही हे आधी तपासलं, मग मला तपासायला लावलं. एकशे सत्त्याऐंशीवर त्यानं आईनं सांगितलं होतं तसं पूर्ण लिहिलं. मग जरा थांबला आणि टाइप केलं:

म["सुगरा दस्तगीर मोमीन", "तिसरी"]

चव्वेचाळीस आलं.

तो मग माझ्याकडं वळला. वर्गात ‘हजर’ म्हणायचा त्याच गंभीर आवाजात म्हणाला, “आता बरोबर आलं, मॅडम.”

मी हो म्हटलं.